अंगणापर्यंत गेलेली शाळा : कै. ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आम्हा मराठी मंडळींना शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाडांचे पुण्यस्मरण प्रथम होते, आणि ते यथोचितच आहे. १८९३ साली अमरेली प्रांतात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ साली तो साऱ्या बडोदे संस्थानास लागू करणारा हा राजा आपल्या काळाच्या फार पुढे होता. परंतु मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढविणे ही एक गोष्ट आणि ते मूल शाळेत टिकविणे ही दुसरी. पहिली गोष्ट राजाज्ञेने किंवा कायद्याने साधते. दुसरीसाठी मुलाच्या घरापर्यंत, त्याच्या अंगणापर्यंत आणि त्याच्या पोटाच्या प्रश्नापर्यंत जावे लागते. या दुसऱ्या गोष्टीसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत कै. ताराबाई मोडक यांचे स्थान अग्रभागी आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही त्यांचे चरित्र सादर करीत आहोत, यास आणखी एक कारण आहे. ताराबाईंच्या कार्याचे फळ महाराष्ट्राला आणि नंतर साऱ्या देशाला लाभले असले, तरी त्याचे बीज गुजरातच्या मातीत रुजले होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हीच क्रांती समजली जात असे, त्या काळी केळकरांच्या घरी मुलींच्या शिक्षणाविषयी दुमत नव्हते. सुधारकाचे घर म्हणजे सुखाचे घर असे मात्र नव्हे. समाजाचा रोष, नातलगांचा दुरावा आणि मिळकतीची ओढाताण या गोष्टी अशा घरांच्या वाट्यास हटकून येत. त्या वातावरणात वाढलेल्या मुलांना लोकांच्या बोलण्याची तमा न बाळगण्याचे शिक्षण आपोआपच मिळे. ताराबाईंनाही ते मिळाले आणि पुढील आयुष्यात फार उपयोगी पडले. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या पिढीतील पदवीधर महाराष्ट्रीय स्त्रिया संख्येने अगदी थोड्या होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे या पदवीचे मोल कळते.

त्यानंतर त्यांचा विवाह अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी झाला. हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि लहानग्या मुलीला घेऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्या काळच्या मध्यमवर्गीय समाजात अशा स्त्रीला काय काय सोसावे लागत असेल, याची कल्पना आजच्या वाचकांस करता येईल. राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी स्वीकारले. काठेवाडच्या त्या संस्थानी मुलखात परभाषेत, परक्या लोकांत, लहान मूल पदरी असताना त्यांनी ही जबाबदारी पत्करली. पद मानाचे होते, वेतन चांगले होते. कोणाही एकट्या स्त्रीने उर्वरित आयुष्य तेथेच निर्वेधपणे काढले असते, तरी तिला कोणी नावे ठेवली नसती.

परंतु राजकोटपासून फारशा दूर नसलेल्या भावनगरात एक निराळेच कार्य सुरू झाले होते. नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती विद्यार्थिभवनात गिजुभाई बधेका या वकिली सोडून आलेल्या गृहस्थाने १९२० साली बालमंदिर उघडले होते. आपल्या पुत्राच्या शिक्षणाचा विचार करता करता डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले, आणि शाळेत छडी, घोकंपट्टी व भीती यांवाचून मूल अधिक चांगले शिकते, अशी त्यांची खात्री पटली. भावनगरच्या टेकडीवरील त्या बालमंदिरात मुले आपापल्या गतीने, आपापल्या आवडीने काम करीत. गुरुजी गोष्टी सांगत, मुलांबरोबर गात, नाटके करीत. गुजराती माणसाने या गृहस्थाला प्रेमाने मिशाळ आई म्हटले, यातच सारे आले.

१९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरास आल्या. पगार, पद आणि स्थैर्य यांचा त्याग करून त्यांनी एका प्रयोगात उडी घेतली. त्यानंतरची सुमारे नऊ वर्षे त्या गिजुभाईंच्या सहकारी होत्या. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाचे मुखपत्र म्हणून निघालेली 'शिक्षण पत्रिका' आरंभी गुजरातीत होती, आणि ती चालविण्यात ताराबाईंचा मोठा वाटा होता. जिची मातृभाषा मराठी, तिने प्रौढ वयात गुजराती आत्मसात करून त्या भाषेत पालकांशी व शिक्षकांशी संवाद साधावा, ही गोष्ट आम्हा गुजरातवासी मराठी माणसांस विशेष अभिमानाची वाटते. मुलाच्या भाषेत शिरल्यावाचून शिक्षकाला मुलाच्या मनात शिरता येत नाही, हा धडा त्या येथे स्वानुभवाने शिकल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते. पुढे वारली मुलांच्या संगतीत त्यांस याच धड्याचा उपयोग झाला.

१९३० नंतरच्या काही वर्षांत त्या महाराष्ट्रात परतल्या. पत्रिकेची मराठी आवृत्ती सुरू झाली. १९३६ साली दादर येथे शिशुविहार उघडण्यात आला आणि बालशिक्षिका तयार करण्याचे कार्यही तेथे आरंभले गेले. मराठी मुलुखात बालमंदिर हा शब्द आणि त्यामागील कल्पना रुजविण्याचे मोठे श्रेय दादरच्या या केंद्रास आहे. तेथे शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिका ठिकठिकाणी गेल्या आणि त्यांनी बालवर्ग काढले. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षी डॉ. माँटेसरी प्रथमच भारतात आल्या आणि शहरांतील सुशिक्षित समाजात बालशिक्षणाविषयी मोठे औत्सुक्य निर्माण झाले. ताराबाईंचे नाव तोपर्यंत सर्वतोमुखी झाले होते. कार्य स्थिरावले होते, शिष्या तयार झाल्या होत्या, मान मिळत होता.

आणि तरीही त्यांच्या मनात एक शल्य होते. शिशुविहारात येणारी मुले कोणाची? दादरच्या पांढरपेशा वस्तीतील, ज्यांच्या घरी पुस्तके होती, दोन वेळचे जेवण होते आणि शिकलेले आईबाप होते त्यांची. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, जागा प्रशस्त हवी, शिक्षिका विशेष प्रशिक्षण घेतलेली हवी. हे सारे गावखेड्यातील गरिबाच्या मुलाला कोठून मिळणार? बालशिक्षण ही श्रीमंतांची चैन आहे, असा आक्षेप त्या काळी उघडपणे घेतला जात असे. तो सर्वस्वी खोटा नव्हता, आणि ताराबाईंनी तो मनावर घेतला.

दुसऱ्या बाजूस खेड्यांतील प्राथमिक शाळांची अवस्था शोचनीय होती. १९२९ सालच्या हार्टोग समितीने या देशातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी करून अपव्यय आणि स्थगन या दोन रोगांकडे लक्ष वेधले होते. पहिल्या इयत्तेत बसलेल्या शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचणारी मुले विसांहूनही कमी होती. या रोगाला पुढे आपण गळती असे नाव दिले. हा शब्द मोठा फसवा आहे. पिकले पान गळावे, त्याप्रमाणे मूल शाळेतून आपोआप गळून पडते आणि त्यात दोष कोणाचाच नसतो, असा भास त्यातून होतो. अधिकारी म्हणत, आईबापांना शिक्षणाची गोडी नाही. शिक्षक म्हणत, या मुलांना बुद्धीच नाही. मूल का आले नाही, हे त्याच्या घरी जाऊन पाहणारे फार थोडे.

त्याच सुमारास महात्मा गांधींच्या बुनियादी शिक्षणाच्या कल्पनेचा विस्तार होत होता. शिक्षणाचा आरंभ सातव्या वर्षी नव्हे, तर त्याही आधी, किंबहुना जन्मापासून व्हावयास हवा, असे विचार १९४४ साली कारावासातून सुटल्यानंतर गांधीजींनी मांडले आणि जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत पूर्वबुनियादी शिक्षणाची चर्चा झाली. ताराबाईंना आपली वाट सापडली. खेड्यात जायचे, आणि तेथे जे उपलब्ध आहे त्यातून बालशिक्षण उभे करायचे, असा त्यांनी निश्चय केला. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते.

२४ डिसेंबर १९४५ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू झाले. गुजरातच्या सीमेला लागून असलेले हे गाव आता पालघर जिल्ह्यात मोडते. मराठी व गुजराती या दोन्ही भाषा तेथे कानी पडतात. ताराबाईंच्या दृष्टीने जणू त्यांच्या आयुष्याचे दोन्ही अर्ध येथे एकत्र आले. या कार्यात त्यांना जी सहकारी लाभली, तिचे नाव अनुताई वाघ. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंच्या कपाळी अगदी लहानपणी लग्न आणि त्यापाठोपाठ काही महिन्यांतच वैधव्य आले होते. खचून न जाता त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ताराबाईंच्या हाकेला ओ देऊन बोर्डीस आल्या. ताराबाईंच्या ठायी कल्पकता व विचारांचा आवाका होता. अनुताईंच्या ठायी प्रत्येक कल्पना चिखलमातीतून चालत नेण्याची अथक चिकाटी होती. एकीवाचून दुसरीचे कार्य सांगताच येत नाही.

केंद्राची बालवाडी सुरू झाली. गावातील मुले येऊ लागली. परंतु ज्यांच्यासाठी मुख्यतः हा सारा खटाटोप होता, ती मुले येईनात. त्या काळी हरिजनवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतील आणि शेतमजुरांच्या झोपड्यांतील मुले घरीच राहिली. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दारातच नव्हे, तर गावाच्या विहिरीवरही मज्जाव होता, त्यांनी एका निमंत्रणासरशी आपली मुले स्वच्छ, सजविलेल्या बालवाडीत धाडावी, ही अपेक्षाच चुकीची होती. आई पहाटेच मजुरीस गेलेली, मुलाच्या अंगावर धड कपडा नाही, कोणी हाताला धरून पोहोचविणारे नाही. अशा स्थितीत मुलाने कसे यावे?

यावर ताराबाईंनी काढलेला उपाय आज इतका परिचित आहे की त्यातील नावीन्य आपल्या ध्यानी येत नाही. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीनेच वस्तीत जावे. वस्तीतील एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण हीच जागा, झाडाची सावली हेच छप्पर. शिक्षिका थोडेसे साहित्य घेऊन तेथे जाई, गाणे सुरू करी, आणि भोवताली मुले जमत. प्रथम त्यांचे हातपाय धुवावयाचे, नखे काढावयाची, केस विंचरावयाचे, आणि मग गोष्टी, गाणी, खेळ. या वर्गास अंगणवाडी असे नाव मिळाले. केंद्रातील मुख्य बालवाडी आणि वस्त्यावस्त्यांतील अंगणवाड्या अशी रचना बोर्डीस आकारास आली.

अंगणाची ही निवड केवळ सोयीची नव्हती. अंगण हे त्या वस्तीच्या मालकीचे होते. शिक्षिका तेथे पाहुणी म्हणून जाई. तेथे मुलाला बुजण्याचे कारण नव्हते आणि घरच्यांच्या मनातील परकेपणाही गळून पडे. आजी, थोरली बहीण, घरी असलेली आई यांच्या डोळ्यांदेखत सारे चाले. मुलाला न मारताही शिकविता येते, रोज अंघोळ घातल्याने खरूज कमी होते, दोन वर्षांच्या पोरालाही पुष्कळ कळते, या गोष्टी व्याख्यानावाचून त्यांच्या प्रत्ययास येत. आपले अंगण झाडून ठेवणारी, शिक्षिकेला घोटभर पाणी देणारी गृहिणी नकळत या शिक्षणाची भागीदार होई. ताराबाईंच्या कार्यातील लोकसहभाग हा असा होता. तो देणग्यांच्या यादीत दिसणारा नव्हे.

साधनांचा प्रश्नही त्यांनी असाच सोडविला. परदेशी बनावटीच्या लाकडी साधनांच्या जागी समुद्रकिनाऱ्यावरचे शंखशिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, फुले, बांबूचे तुकडे, माती आणि वाळू आली. मोजायचे ते चिंचोक्यांनी, वर्गवारी करायची ती शिंपल्यांची, रंग ओळखायचे ते फुलांचे. माँटेसरीबाईंचे तत्त्व त्यांनी सोडले नाही, खर्च मात्र सोडला. शिक्षिकाही शहरातून आणण्यापेक्षा आसपासच्या गावांतील मुली निवडून त्यांना बालसेविकांचे शिक्षण देण्याची व्यवस्था त्यांनी केली. थोडे शिकलेली, गावातलीच, गावची बोली बोलणारी मुलगी या मुलांना अधिक जवळची वाटते, हे त्यांनी ओळखले होते.

बोर्डीपासून काही अंतरावर डहाणू तालुक्यात कोसबाड नावाची टेकडी आहे. १९५७ च्या सुमारास केंद्राचे कार्य तेथे हलविण्यात आले. कोसबाडच्या भोवती वारली या आदिवासी जमातीची वस्ती पाड्यापाड्यांतून विखुरलेली होती. या समाजाने सावकार आणि जमीनदार यांच्याकडून जे सोसले होते, त्यास तोड नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर धन्याकडे राबावे, अशी लग्नगड्याची प्रथा तेथे होती. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तेव्हा कोठे बाहेरच्या जगाला त्यांची हकीकत कळली. वेठ कायद्याने संपली तरी दारिद्र्य संपले नव्हते. अशा घरी पाच-सहा वर्षांचे मूल हे खाणारे तोंड नव्हे, तर राबणारे दोन हात असते.

शाळा होती, पण मुले तिच्यात टिकत नव्हती. ताराबाई आणि अनुताई यांनी त्यांची कारणे शोधली. आईबाप कामावर गेले म्हणजे तान्ह्या भावंडाला सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीकडे येई. सात-आठ वर्षांची पोर काखेत दीड वर्षाचे मूल घेऊन दिवसभर फिरे. ती शाळेत आली तर तान्हे कोणापाशी ठेवायचे, आणि तान्ह्यासह आली तर शिक्षक तिला परत पाठवी. मुलग्यांच्या मागे गुरे होती. पहाटे गुरे सोडावयाची, ती दिवसभर कुरणात राखावयाची आणि सायंकाळी परत आणावयाची. शाळेची वेळ आणि गुरांची वेळ एकच. ज्यांना याहून जड कामे होती, त्यांना दिवसा श्वास घेण्यासही फुरसत नव्हती.

या प्रत्येक कारणाला त्यांनी स्वतंत्र उत्तर दिले. थोरल्या बहिणीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात, एकाच कुटुंबासारखी चालविण्याची योजना आखली. तिला विकासवाडी असे म्हणत. मुलीने धाकट्या भावाला काखेत घेऊनच यावे. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात बसे, आणि घरी जाताना तिघे बरोबर जात. मोठी मुले लहानांना सांभाळता सांभाळता बालसंगोपनाचे धडेही घेत. गुराखी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षकाने गुरांमागोमाग कुरणात जावयाचे. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. गुरे मोजता मोजता गणित, झाडेझुडपे व पाखरे पाहता पाहता निसर्गपाठ, जमिनीवर काडीने अक्षरे, आणि गाणी तर मुलांच्या ओठांवर असतच. एखादे गुरू चुकार होऊन शेतात शिरले तर मुलगा धावत जाई, परत येई आणि पाठ पुढे सुरू होई. दिवसभर राबणाऱ्या मोठ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग होते.

शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत या प्रयोगांना मोठमोठी नावे देता येतील. आम्हांस त्यामागील एकच विचार मोलाचा वाटतो. मूल शाळेस येत नसेल, तर ते शाळेस योग्य नाही असे ताराबाई मानीत नसत. शाळा त्या मुलास योग्य नाही असे मानीत, आणि शाळा बदलण्यास सिद्ध होत. वेळ बदलत, जागा बदलत, साधने बदलत, शिक्षिकेची निवड बदलत. मुलाविषयीचा आदर तेवढा कायम ठेवीत.

या कार्याचे फळ सरसकट गोड होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पावसाळ्यात भातलावणी आली, दिवाळीनंतर गवतकापणी आली की पाडेच्या पाडे कामामागे निघून जात आणि वर्ग ओस पडत. मोसमी भटकंतीला कुरणशाळेपाशी उत्तर नव्हते. शिक्षिकेचे वेतन, औषधे, अन्न यांची तजवीज वर्षानुवर्षे करावी लागे. एका टेकडीवरच्या दोन बाया साऱ्या जिल्ह्याचे दारिद्र्य दूर करू शकत नव्हत्या, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. परंतु आदिवासी मुलाला शिक्षणाची गोडी नसते, हा जो सुखवस्तू समाजाचा समज होता, तो त्यांनी कायमचा खोटा ठरविला. गोडी होती, सवड नव्हती.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या बाईंचे मन त्यानंतरही कोसबाडमध्येच होते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडचा संसार जवळजवळ दोन दशके सांभाळला आणि वाढविला. १९८५ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या.

ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी ती देशातील ३३ प्रकल्पक्षेत्रांपुरती होती. तिच्या गावपातळीवरील केंद्रास जे नाव देण्यात आले ते अंगणवाडी हेच होते. बोर्डीच्या एका वस्तीत जन्मलेला हा शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत बोलला जातो आणि देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणास शालेय रचनेत स्थान दिले. सयाजीराव महाराजांची सक्ती आणि ताराबाईंचे बालशिक्षण हे दोन्ही प्रवाह अशा रीतीने राष्ट्राच्या धोरणात येऊन मिळाले आहेत.

तथापि नाव पोहोचले म्हणजे विचार पोहोचलाच असे होत नाही. अंगणवाडी म्हणजे पोषक आहार आणि लसीकरण, ही तिची ओळख आज दृढ झाली आहे. तेही काम थोर आहे, आणि अल्प मानधनावर ते करणाऱ्या लक्षावधी सेविकांचे ऋण मोठे आहे. पण मूल का आले नाही, हे पाहण्यासाठी त्याच्या अंगणात जाणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ होता, आणि तो आपणांस पुन्हा पुन्हा आठवावा लागेल.

त्याची गरज पाहण्यासाठी आम्हा दक्षिण गुजरातेतील मराठी माणसांना फार दूर जावे लागत नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास नंदुरबार, धुळे आणि डांग या भागांतून ऊसतोडणीचे कामकरी बारडोली, मढी, गणदेवी अशा साखर कारखान्यांच्या परिसरात येतात. शेताच्या कडेला त्यांची पाले पडतात. कोणी भिली बोलतो, कोणी अहिराणी, कोणी डांगी. पहाट होण्यापूर्वीच आईबाप कोयता घेऊन निघतात. मागे राहते ती थोरली बहीण आणि तिच्या काखेतले तान्हे. गावी तिचे नाव पटावर असते आणि येथे ती पालाच्या तोंडाशी बसलेली असते. शाळेचे अर्धे वर्ष असे सरते, आणि वर्षअखेर तिची गणना गळतीत होते. कोसबाडला ज्या प्रश्नापाशी ताराबाई थांबल्या होत्या, त्या मोसमी स्थलांतराचाच हा प्रश्न आहे. फरक इतकाच की आता त्याचे एक टोक आमच्या दारात आहे.

सरकारने हंगामी वसतिगृहे आणि तंबूशाळा काढण्याचे प्रयत्न केले आहेत, अनेक सेवाभावी संस्थाही या क्षेत्रात झटत आहेत. त्यांच्याहून अधिक काही करण्याची शक्ती आमच्यासारख्या मंडळापाशी असेल असे नव्हे. परंतु मंडळापाशी एक गोष्ट अशी आहे की जी बाहेरून आणता येत नाही. आम्हांस या मुलांच्या गावाकडची भाषा येते आणि ज्या भाषेच्या शाळेत त्यांना येथे बसावे लागते ती गुजरातीही येते. भावनगरात ताराबाईंनी जो दुवा स्वतः कष्टाने घडविला, तो आम्हांस आयताच लाभला आहे. मंडळाच्या भगिनींपैकी काहींनी हंगामापुरते आठवड्यातून काही दिवस त्या पालांपर्यंत जावे, तान्ह्याला घटकाभर मांडीवर घ्यावे आणि थोरलीच्या हाती पाटी द्यावी, यासाठी इमारत लागत नाही. निधीही थोडाच लागेल.

गणेशोत्सव, कोजागिरी, नाट्यस्पर्धा आणि हळदीकुंकू यांतून मंडळाने पन्नास वर्षे आपली भाषा व संस्कृती जतन केली आहे. त्या संस्कृतीत ज्ञानोबा-तुकोबांइतकेच या समाजसेविकांचेही स्थान आहे. पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना मंडळाने त्यांच्या कार्याचा एक लहानसा अंश उचलावा, इतकीच आमची विनंती आहे. येत्या दिवाळीत पाले पडतील, तेव्हा त्यांच्यापुढील एखादे अंगण झाडलेले असावे आणि तेथे कोणीतरी मुलांची वाट पाहत बसलेले असावे.